म्हातारे घोडे चराईला ठेवून घ्यायचेत. पैसे किती घ्यावेत, अटी काय घालाव्यात?

नीरेकाठी

नमस्कार मंडळी. शिरवळपासून थोडं आत आमची जमीन आहे. चार एकर विहिरीवरचं बागायत आणि त्याच्या वरच्या अंगाला नऊ एकर माळ. माळावर काही पेरायचं वडिलांनी केव्हाच सोडलं. पावसाळ्यात गुडघाभर गवत होतं, दिवाळीच्या सुमारास गावातली माणसं कापून नेतात. आम्हाला त्यातून मिळत काही नाही.

कॉलेजात असताना मी पुण्यात एका रायडिंग क्लबला घोडेस्वारी शिकायला जायचो. तिथल्या सरांचा मागच्या आठवड्यात फोन आला. त्यांच्याकडे तीन घोडे आता कामाचे राहिले नाहीत. एक थरोब्रेड, रेसमधून निघालेला, वय १९, पुढच्या डाव्या पायाचा सांधा धरलेला. दुसरी काठियावाडी घोडी, २३ वर्षांची, दात संपत आलेले. तिसरं एक तट्टू. पुण्यातली निम्मी पोरं त्याच्यावरच बसायला शिकली असतील, आणि त्याचं खरं वय कुणालाच ठाऊक नाही. सर म्हणाले, "विकले तर वरातीला नाहीतर टांग्याला जातील. तू माळावर सोड, महिन्याला पैसे देतो." त्यांच्या ओळखीतले अजून दोन मालक असंच ठिकाण शोधतायत म्हणे. म्हणजे पाच-सहा घोड्यांपर्यंत हा रीतसर उद्योग होऊ शकतो असं मला वाटतंय.

वडील म्हणतात, "पांजरपोळ उघडतोयस का?" आईने फक्त एवढंच विचारलं की लीद किती निघेल, तिला परसातल्या भाजीला हवी आहे.

माझे प्रश्न: महिन्याला किती घ्यावेत? नऊ एकरांत किती घोडे बसतील? अर्धा एकर नेपिअर उभा आहे आणि शेजाऱ्याच्या उसाचं वाढं फुकट मिळतं, ते चालेल ना? माळाला तीन पदरी काटेरी तार आहे, तेवढी पुरे का? आणि मालकाने मध्येच पैसे बंद केले तर काय करायचं?

उंडगा

चार म्हशी घे. त्यांचा मालक फोन बंद करत नाही, कारण मालक तूच असतोस.

दफेदार (फलटण)

उंडगाभाऊंचं अगदीच चुकीचं नाही, पण पोराने विचारलंय तर नीट सांगतो. नोकरी सगळी आर्मीच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या दलात झाली, बरीच वर्षं सहारनपूरच्या डेपोत. निवृत्त झाल्यापासून घरच्या जमिनीवर दुसऱ्यांचे म्हातारे घोडे सांभाळतो. सगळं लिहीत बसलो तर पोथी होईल, तेव्हा जिथे गाडी अडते तेवढंच लिहितो.

पहिलं, नऊ एकर हा आकडा डोक्यातून काढ. आपल्या माळावर हिरवं गवत असतं जुलै ते ऑक्टोबर. पुढे उभं वाळलेलं, आणि होळीनंतर दगड. मालकाला "चराईला ठेवतो" म्हणशील तेव्हा पैसे लावायचेत ते उरलेल्या आठ महिन्यांचे. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. आठ महिन्यांचा धरला तर एका घोड्याला दोन टनांच्या आसपास जातो. त्याची गंजी कुठे लावणार, पावसापासून कशी झाकणार, हे आधी ठरव. बुरशी धरलेला कडबा गाय एखाद वेळ पचवते, घोड्याला पोटशूळ होतो. आणि घोड्याला ओकारी येत नाही, हे कायम लक्षात ठेव. पोटात गेलेलं परत वर येत नाही.

दुसरं, कुसळी. तुझ्या माळावर ती असणारच. फुलोऱ्यात असतानाच कापलीस तर चारा, पिकू दिलीस तर सुया. मागे माझ्याकडे एक घोडी आली, हाडं निघालेली. मालक म्हणाला वय झालंय, खात नाही. मी तिची जीभ बाजूने धरून बाहेर घेतली, अंगठा दातांमधल्या मोकळ्या जागेत घातला आणि मोतद्दाराला (घोड्यांची देखभाल करणाऱ्या गड्याला) बॅटरी धरायला सांगितलं. जिभेच्या खाली कुसळांचा झुबका रुतलेला, भोवती पू, आणि एकाची पीळ पडलेली शेपटी अजून बाहेर. चिमट्याने एकेक काढलं, मिठाच्या कोमट पाण्याने तोंड धुतलं, चार दिवस मऊ चंदी (घोड्याचा खुराक) दिली. आठवड्याने घोडी दावं ओढून गवताकडे जायला लागली. म्हणून सांगतो, "वय झालं" हे निदान नव्हे. घोडं सुकलं की आधी तोंड बघायचं, मग रक्त तपासायचं, मग लीद. तिन्हींत काही सापडलं नाही तर वयाला बोल लाव.

तुझी २३ वर्षांची काठियावाडी खात असताना शेजारी उभा राहा. गवत चावून चावून पानाच्या चोथ्यासारखा ओला बोळा खाली टाकत असेल तर दाढा गेल्या समज. तिला माळावर सोडून उपयोग नाही, भरल्या गवतात उपाशी राहील. अशा जनावराला कडब्याची बारीक कुट्टी, तीही भिजवून. सोबत लसूणघास, थोडा भिजवलेला हरभरा, मूठभर कोंडा. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कोरडी कुट्टी किंवा कोरड्या गोळ्या दिल्यास तर घशाखाली अडकून नाकातून पाणी यायला लागेल आणि तुझी पळापळ होईल.

नेपिअरचं विचारलंयस ते बरं केलंस. नेपिअरमध्ये ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाईच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी फोडतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन्‌महिने नुसत्या नेपिअरवर ठेवलंस तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. आधी चाल बिघडते, मग तोंडाची हाडं फुगून चेहरा बेढब होतो. गव्हाचा कोंडा जास्त झाला तरी तेच होतं, कारण त्यात फॉस्फरस भरमसाट. लोक प्रेमाने पाटीभर कोंडा घालतात आणि घोड्याचा जबडा सुजला की दात दुखतोय म्हणतात. नेपिअर द्यायचाच तर तोंडी लावण्यापुरता, सोबत लसूणघास ठेवून. वाढं मात्र घोड्यापुढे टाकूच नकोस. कोवळी ज्वारी, पाऊस ओढ दिल्यावर सुकलेली किंवा खोडव्याची फुटलेली, तिच्या जवळपासही जाऊ देऊ नकोस. विष असतं त्यात, हे तुझ्या वडिलांनाही ठाऊक असेल. आणि बागायतात हरळी असेल तर तणनाशक मारणं थांबव. शेतकरी हरळीला शिव्या घालतो, पण म्हाताऱ्या घोड्याला तिच्याइतकं मानवणारं गवत आपल्या भागात मला तरी दुसरं दिसलं नाही. बांधावरची हरळी माळावर लावून बघ.

काटेरी तार काढ. ह्यात घासाघीस नको. घोडं बिथरलं की तारेत शिरतं आणि गुडघ्याखालची कातडी मोज्यासारखी उतरते. साधी तार आणि वर पांढरी पट्टी, झटका मशीनवर. पट्टी दिसली पाहिजे, म्हाताऱ्या घोड्यांना मोतीबिंदू असतो.

पैसे. मी महिन्याला १२ हजार घेतो, दातपडक्या घोड्याला १५. नालबंद, डॉक्टर, औषध मालकाचं. तीन महिन्यांचे आगाऊ, तेही घोडं गाडीतून उतरायच्या आधी. तुझ्याकडे पुणं जवळ आहे, थोडे जास्त मिळतील. पण एक माणूस पूर्ण वेळ ठेवावा लागेल आणि त्याचा पगार चार घोड्यांवर वाटला तरच परवडेल. तीन घोड्यांत पहिलं वर्ष तुझ्या खिशातूनच जाईल, वडिलांना आत्ताच सांगून टाक.

मालक पैसे बंद करतात का? करतात. एकाने पहिले चार महिने वेळच्या वेळी दिले, दर रविवारी गाजरं घेऊन यायचा, मुलांचे फोटो काढायचा. पुढे महिन्यातून एकदा, मग दिवाळीला, मग फोनच लागेना. घोडं माझ्या दारात, चंदी माझी. ते अजून आहे. चांगलं आहे बिचारं, त्याचा काय दोष.

म्हणून लेखी कर. त्यात घोड्याची ओळख नीट हवी: रंग, पायाचे पांढरे, भोवरे, मायक्रोचिप असेल तर नंबर, चारी बाजूंनी फोटो. भोवऱ्यांवरून देवमण (शुभ मानलेला भोवरा) आहे का, चारी पाय आणि तोंड पांढरं म्हणून पंचकल्याणी आहे का, हे जुनी माणसं विचारतील. तू शुभाशुभासाठी नको लिहूस, पण ओळखीला भोवऱ्यासारखं पक्कं काही नाही, तो बदलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम शेवटचं. रात्री दोन वाजता पोटशूळ उठला, डॉक्टर म्हणतात वाचणार नाही, मालकाचा फोन लागत नाही. इंजेक्शन देऊन घोड्याला सोडवायचं हे कुणी ठरवायचं? किती वेळ वाट बघायची? माझ्या कागदात दोन तास लिहिलेत, त्यानंतर डॉक्टरांचा शब्द अखेरचा. खड्डा कुठे, जेसीबीचे पैसे कुणाचे, हेही त्यातच. विहीर आणि ओढ्यापासून लांब, आणि पावसाळ्यात जेसीबी रुतणार नाही अशा मुरमाड जागी. इंजेक्शन दिलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही, ते खाऊन कुत्री-गिधाडं मरतात. मालकाशी हे बोलणं पहिल्याच दिवशी करायचं. जो ह्या विषयावर बोलायला तयार नाही त्याचं घोडं मी घेत नाही, मग तो महिना वीस हजार का देईना.

श्रॉपशायरची वैशाली

दफेदारकाका, तुमचं शेवटचं कलम इकडच्या लोकांनाही वाचायला द्यायला हवं.

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. लेकीचा पोनी आता २६ वर्षांचा आहे. लेक नोकरीला लागून लंडनला गेली आणि पोनी माझ्या गळ्यात. गेली काही वर्षं तो इथून तासाभरावर एका शेतावर आहे. तिथे फक्त निवृत्त घोडेच ठेवतात. बारा महिने बाहेर, नाल काढलेले, पाच-सहा जणांचा ठरलेला कळप. इकडे एका घोड्याला एक ते दीड एकर कुरण असावं असं ब्रिटिश हॉर्स सोसायटी सांगते. पण इकडची अडचण तुमच्या बरोब्बर उलट आहे. वसंतात गवत इतकं साखरेचं होतं की म्हातारे पोनी खाऊन खाऊन पाय धरतात, लॅमिनायटिस (खुराच्या आतली दुखरी सूज) होतो. आमचा शेतकरी एप्रिल-मेमध्ये कुरणाच्या पट्ट्या पाडून रोज थोडंसंच उघडतो. म्हणजे तुम्ही गवत पुरवायच्या चिंतेत आणि आम्ही गवतापासून वाचवायच्या!

नीरेकाठी, मी नेमके कशाचे पैसे देते ते सांगते, तुला दर लावायला उपयोगी पडेल. तो माणूस दिवसातून दोनदा प्रत्येक घोड्याला हात लावतो. लांबून बघून मान डोलावत नाही. थंडीत केसाळ अंगाखाली बरगड्या दिसत नाहीत, हात फिरवल्याशिवाय घोडा सुकलाय हे कळतच नाही. दर महिन्याच्या शेवटी एक फोटो येतो, एकाच जागी, एकाच बाजूने काढलेला. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा फोटो शेजारी. खाली दोन ओळी: खूर कधी कापले, जंतांसाठी लीद तपासली त्याचा निकाल काय. त्या दोन ओळींसाठी मी आनंदाने पैसे देते. निवृत्त घोड्याचा मालक फारसा येत नाही आणि घोडा तक्रार करत नाही, त्यामुळे ह्या धंद्यात वाईट माणसांचं खूप काळ खपून जातं. विश्वासू माणूस मिळाला की लोक त्याला सोडत नाहीत.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप सक्तीची आहे, पासपोर्ट तर आधीपासूनच. तू कायद्याची वाट न बघता प्रत्येक घोड्याला चिप लावूनच घे. मालक गायब झाला तर घोडा कुणाचा ह्याचा पुरावा लागतो.

खुरपाळ

मी पशुवैद्य, घोड्यांत बऱ्यापैकी काम आहे. वर जे आलंय ते पुन्हा लिहीत नाही.

घोडा जागेवर यायच्या आधी ग्लँडर्स ह्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९च्या कायद्याखाली हा सरकारला कळवण्याचा रोग आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात. घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावं लागतं आणि आसपासच्या घोड्यांची ये-जा बंद होते. माणसालाही होतो, मोतद्दाराचा विचार कर. अहवाल आला तरी नवा घोडा तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा.

पावसाळ्यात आणि नंतर मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात, त्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज, खात असूनही वाळत जाणं. दफेदारांनी "मग रक्त" म्हटलंय ते मुख्यतः ह्यासाठी. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, म्हातारा म्हणून सूट नाही. तुझ्या दारात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लीद आणि रक्त तपासायला पुण्याला कशाला जातोस.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. घरात म्हशी असतील तर पेंडेच्या गोण्या घोड्यांपासून लांब, कुलुपात. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं. थोडंसंही पुरतं आणि त्यावर उतारा नाही.

वैशालीताई, नाल काढण्याबद्दल मात्र सरसकट नको. तिकडे पायाखाली माती आणि गवत, इथे मुरूम. थरोब्रेडचे तळवे पातळ असतात. ह्या १९ वर्षांच्या घोड्याचे मागचे नाल काढ, पुढचे ठेव आणि एक पावसाळा बघ. नाल असो-नसो, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. खूर लांबले की दुखऱ्या सांध्यावर आणखी ताण येतो.

दफेदार (फलटण)

डॉक्टर, मी नाल सगळेच काढतो, पण माझी जमीन मऊ आहे. मुरमावर तुमचं बरोबर. धनगरांची तट्टं बिननालाची अख्खा घाट चढतात, ती गोष्ट वेगळी. त्यांचे खूर जन्मापासून तसे घडलेले असतात. नीरेकाठीच्या त्या तट्टाला नाल लावायचीही गरज नाही, बघून घे.

वकिली चष्मा

कागदाबद्दल थोडं. दुसऱ्याचा घोडा सांभाळायला घेणं हे १८७२च्या करार कायद्यात निक्षेप (दुसऱ्याची वस्तू जपायला घेणं) म्हणून बसतं. कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. तेवढी घेतली असेल तर घोडा मेला म्हणून भरपाई द्यायची नसते, पण घेतली हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून रोजची वही ठेवा: काय खाल्लं, लीद कशी, डॉक्टर कधी आले. पैसे थकले म्हणून घोडा विकून वसूल करीन असं मनात आणू नका. तसा अधिकार हवा तर तो करारात स्पष्ट लिहून घ्या: इतके महिने थकले, इतक्या दिवसांची लेखी नोटीस, त्यानंतर मालकी कुणाकडे. आणि जनावर वाऱ्यावर सोडून त्याचे हाल करणं हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे नोटिशीत एका ओळीत घातलं की फोन लागायला लागतात असा माझा अनुभव.

नीरेकाठी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून वडिलांच्या हातात दिली. ते कोवळ्या ज्वारीच्या ओळीवर बोट ठेवून "हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं" म्हणाले, आणि संध्याकाळी स्वतःच काटेरी तारेचं माप घेऊन आले. त्यांनी त्यांची एक अटही घातलीय: सहा नाही, आधी तीनच, आणि वर्षभर चौथा घ्यायचा नाही.

सरांना शेवटच्या कलमाबद्दल फोन केला. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले लिहून पाठव, सही करतो. दोन खासगी मालकांपैकी एकाने त्यानंतर फोन उचललेला नाही.

काका, आता दोनच गोष्टी. सरांना घोडे जूनमध्ये पाठवायचे आहेत, पाऊस सुरू झाला की. चालेल? आणि निवारा किती मोठा हवा?

दफेदार (फलटण)

फोन न उचलणाऱ्या त्या मालकाचा विषय संपला म्हणायचा.

जून नको. नवी जागा, नवं पाणी आणि वर एकदम कोवळं ओलं गवत, तिन्ही एका आठवड्यात म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. एप्रिलच्या शेवटाला आण. तीन आठवडे वेगळे ठेवायचेत ते उन्हाळ्यातच उरकतील. तिकडे जी चंदी खातात तीच आठवडाभर दे, मग हळूहळू आपल्या कडब्यावर आण. पाऊस पडून गवत उगवलं की पहिल्या दिवशी तासभर सोडायचं, तेही सकाळी पोटात कडबा गेल्यावर. रोज थोडं वाढवत दोन आठवड्यांनी दिवसभर.

निवारा तीन बाजूंनी उघडा चालेल, पाठ मात्र नैर्ऋत्येला बंद हवी, पाऊस तिकडूनच मारतो. दर घोड्यामागे बारा बाय बारा फूट धर. खाली मुरूम, बाहेरच्या जमिनीपेक्षा हातभर उंच. काठियावाडीला रात्री वेगळा कप्पा कर, नाहीतर तिची भिजवलेली कुट्टी तट्टू खाऊन टाकेल. तट्टांवर ह्या बाबतीत विश्वास ठेवायचा नाही. थंडीत थरोब्रेडला झूल लागेल, बाकी दोघांना नाही. रात्री तिघंही आत, तुमच्याकडे बिबट्याचा वावर असतोच.

आणि कडबा आत्ता घे. शाळू निघायला लागलाय, खळ्यावरच शेकड्याने ठरव, मे महिन्यात तोच दुप्पट होतो. पेंढी उचलून मधे हात घालून बघायची, गरम किंवा ओली लागली तर घ्यायची नाही. आमच्या बाजूला ह्या वर्षी बरा झालाय. येणार असशील तर गुरुवार सोडून ये, गुरुवारी माझा मोतद्दार सुट्टीवर असतो आणि मला जागचं हलता येत नाही.